तात्यांच्या कानाची मोजणी

जमीन मोजणाऱ्या माणसाला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. चपलेला चिखल लागावा तसे ते लागतात. दोन भाऊ, एक बांध आणि मध्ये आम्ही, एवढ्या भांडवलावर वर्षाला दहा-बारा सहज निघतात. मी मूळचा परभणीचा, पण मुळशीत खासगी मोजणीची कामं करून सोळा वर्षं झाली. पिरंगुटला एका खोलीचं ऑफिस आहे. एवढ्या वर्षांत जेवायला झाडाखाली बसलो की बांधावरच्या मारामाऱ्यांचेच किस्से निघायचे. यंदा मात्र सगळे किस्से उन्हाचे! आणि हसता हसता मध्येच आम्ही गप्प होतो, कारण त्या प्रत्येक किश्श्यात तात्या आहेत आणि तात्यांचा डावा कान आहे.

आधी मंडळी सांगतो. तिघंच आहोत. मशीनमागे उभा राहणारा मी. नकाशे काढणारी पूजा, ही घोटावड्याची, डिप्लोमा झालेली. आणि काठी घेऊन पुढे चालणारे तात्या, मुठ्याचे, वय अठ्ठावन्न. त्या काठीच्या टोकाला एक काचेचा प्रिझम असतो. मशीनमधून किरण निघतो, प्रिझमवर जाऊन परत येतो आणि अंतर कळतं. म्हणजे जिथे हद्द तिथे तात्यांनी उभं राहायचं. आणि हद्द काही आंब्याच्या सावलीतून जात नाही हो!

* * *

सुरुवात झाली छत्रीवरून. आमच्या सामानात एक भलीमोठी छत्री असते. लोकांना वाटतं ती आमच्यासाठी. छे! ती मशीनसाठी. मशीन तापलं की त्याचं गणित हलतं, म्हणून छत्री त्याच्या डोक्यावर. मशीनच्या कृपेने अर्धी सावली मला मिळते. तात्यांना काहीच नाही.

फेब्रुवारीत मुठ्यातच एक प्लॉट मोजत होतो. बावधनच्या एका डॉक्टर मॅडमनी घेतलेला. मॅडम बराच वेळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "काय हो, छत्री मशीनला आणि माणूस उन्हात?"

तात्या लांबूनच ओरडले, "मशीन नाजूक असतंय म्याडम! ऊन लागलं की खोटं बोलतंय. आमी ऊन लागलं तरी खरंच बोलतो!"

सगळे हसलो. मॅडमही हसल्या. हसत हसत तात्यांच्या जवळ गेल्या आणि त्यांचं हसू थांबलं.

"तात्या, कानावर हे काय झालंय?"

"ते व्हय? खपली हाय. काटा लागला आसंल."

"कधी लागला?"

"गनपतीत."

मॅडमनी मनातल्या मनात महिने मोजले ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. "इतके महिने एकच खपली?"

"निघती की. रगात येतं, मग परत धरती. दुखत न्हाई, म्हून सोडून दिलं."

तेव्हा मी विचारलं, "मॅडम, तुम्ही डॉक्टर म्हणजे कशाच्या?"

"त्वचेच्या," त्या म्हणाल्या.

मला बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं. तात्यांची टोपी कपाळ झाकते, कान उघडेच राहतात. इतकी वर्षं ऊन खाल्लेली कातडी कधीकधी बिघडते. सावळ्या माणसाला काही होत नाही हा आपला गैरसमज. जी खपली महिना-महिना भरत नाही ती तुकडा काढून तपासायलाच हवी. याच महिन्यात आणा.

"पण तसं काही नसेल ना, मॅडम?"

"आणा," त्या म्हणाल्या. बस्, एवढंच. डॉक्टर माणूस एका शब्दात उत्तर देतो ना, तेव्हा खरी भीती वाटते.

* * *

मी तसा पहिल्यापासून घाबरट. घाबरलो की आधी स्वतःला तपासतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बनियन काढून, मोबाइलचा टॉर्च लावून आरशासमोर उभा राहिलो. पाठीवरचे फोटो काढले. उजव्या खांद्याखाली काळा डाग! बायकोला हाक मारली, फोटो दाखवला, आवाज शक्य तेवढा शांत ठेवून म्हणालो, "हे बघ. घाबरू नकोस."

तिने चष्मा लावून बघितलं. "अहो, हा तीळ आहे. लग्न झाल्यापासून ओळखते मी याला!"

"वाढलाय का?"

"तो होता तेवढाच आहे. तुम्ही वाढलाय!"

ती हसत स्वयंपाकघरात गेली. मी मात्र तसाच बसून राहिलो. खरं सांगतो, माझ्या तिळाची भीती केव्हाच गेली होती. सोळा वर्षं मी मशीनच्या दुर्बिणीतून "तात्या, थोडं डावीकडे, अजून थोडं, थांबा तिथेच" असं ओरडत आलोय. तात्या थांबत आलेत. भर एप्रिलमध्ये, दुपारी बारा वाजता, मशीनची छत्री नीट आहे का हे बघून मी त्यांना थांबवत आलोय. या विचारानं मला जेवण गेलं नाही.

* * *

तात्या काही दवाखान्यात यायला तयार नव्हते. "पावसाच्या आत सात मोजन्या हायेत सायेब. कान काय पळून जातोय का?" मग आम्ही निदान सनस्क्रीन आणलं. मॅडमनी सांगितलं होतं, दोन बोटांच्या लांबीएवढं घ्यायचं, चेहरा-मान-कान सगळीकडे लावायचं आणि दर दोन-तीन तासांनी पुन्हा. खपलीला मात्र हात लावायचा नाही. तात्यांनी ट्यूब हातात घेतली, वास घेतला आणि म्हणाले, "ह्यो तर नवरीचा वास हाय!"

पण पूजा हट्टी. रोज सकाळी ती ट्यूब घेऊन समोर उभी राहायची. ताम्हिणीच्या रस्त्याला, धरणाच्या पाण्याकाठी एक मोजणी होती. वरून ऊन आणि पाण्यावरूनही ऊन. त्या दिवशी तात्यांनी स्वतःहून भरपूर लावलं आणि त्याच हातांनी प्रिझमची काच पुसली!

झालं. मी मशीन लावतो, किरण जातो, परत काही येत नाही. पुन्हा लावतो, पुन्हा नाही. बॅटरी बदलली, मशीन बंद-चालू केलं. बांधाच्या दोन्ही बाजूला दोन भाऊ उभे. त्यांच्यात आठ वर्षांचं भांडण. धाकटा म्हणाला, "का दिसंना?" मी म्हणालो, "त्या जागेचं रीडिंगच मिळत नाहीये."

थोरला लगेच ओरडला, "मिळंल कसं? खोटी हद्द हाय ती! मशीनलासुदिक कळलं!"

धाकट्याने काठी उचलली. थोरल्याने दगड उचलला. पूजा पळत तात्यांकडे गेली, ओढणीने प्रिझम खसखसून पुसला आणि मशीनने एकदम टीं केलं. दोघंही थबकले. धाकटा मला हात जोडून म्हणाला, "सायेब, पोरीनं काच पुसली म्हून माजी जमीन वाचली!"

त्या दिवसापासून तात्या सनस्क्रीन लावलं की दोन्ही हात वर धरून उभे राहायचे, वाळेपर्यंत. लांबून वाटायचं, कुणीतरी बंदूक रोखलीय.

* * *

मार्चच्या मध्यावर मी ठरवलं, काकूंना सांगायचं. काकू म्हणजे तात्यांची बायको. कसं सांगायचं याची मी गाडीत रंगीत तालीम केली. घरी गेलो तर तात्या म्हशीला पाणी दाखवायला गेलेले. काकूंनी चहा ठेवला. मी सुरुवात केली, "काकू, तात्यांच्या कानाचं जरा..."

"मला ठावं हाय," काकू म्हणाल्या. "रोज सकाळी उशीला रगात आसतंय. त्ये म्हशीकडं गेलं की मी उशीचा अभ्रा पालटून ठिवते. त्येस्नी दिसाया नको."

इतक्यात तात्या आले. काकू चहा गाळायला आत गेल्या. तात्या माझ्या कानाशी लागले, "सायेब, हिच्यापाशी काय बोलू नका. राच्चं रगात येतंय. मी उठलो की उशी उलटी करून ठिवतो. घाबरंल उगंच."

मी तो चहा कसा प्यायलो ते मला माहीत! एकच उशी, तात्या ती उलटी करतात, काकू तिचा अभ्रा पालटतात, आणि दोघंही एकमेकांना सांगत नाहीत. बाहेर पडताना काकू म्हणाल्या, "साखर बरुबर हाय न्हवं?" मी म्हणालो, "बरोबर आहे." चहात साखरच नव्हती.

* * *

तात्यांना शेवटी तयार केलं ते पूजाने. म्हणजे तिने समजावलं वगैरे नाही. तिने नकाशा काढला.

मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, कानाचा फोटो काढून ठेवा. पूजा मोजणीच्या खुणांचे फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवते, कारण पट्टी नसेल तर आकार कळत नाही. सवयीने तिने तात्यांच्या कानाशीही पट्टी धरली होती. मग दर सोमवारी ती तसाच फोटो काढू लागली. तात्यांना वाटायचं पोरीचा खेळ.

मार्चच्या शेवटी एका सकाळी तिने ऑफिसात कॉम्प्युटरवर दोन रेघा दाखवल्या. फेब्रुवारीतली खपली निळ्या रेघेत, आत्ताची लाल रेघेत, एकावर एक ठेवलेल्या. दहा पटीत मोठ्या. आम्ही जुना नकाशा आणि नवी मोजणी अशीच एकावर एक ठेवतो. लाल रेघ निळीच्या बाहेर गेली होती. वरच्या बाजूला थोडी आणि मागच्या बाजूला बरीच.

तात्या खुर्चीवर पुढे सरकले. डॉक्टरांचं, माझं, कुणाचंच त्यांनी ऐकलं नव्हतं. पण नकाशा त्यांना कळतो. त्यात त्यांना कुणी फसवू शकत नाही.

"ही निळी कवाची?"

"फेब्रुवारीतली, तात्या."

"आन् ही लाल?"

"कालची."

तात्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं आणि निळ्या-लाल रेघांमधल्या पट्ट्यावरून फिरवलं. "किती सरकली?"

"दोन मिलिमीटर."

तात्या हसतील असं मला वाटलं होतं. दोन मिलिमीटर म्हणजे काय, शेतात आम्ही तेवढ्याकडे बघतही नाही. पण ते हसले नाहीत. त्यांचं बोट तिथेच राहिलं.

"म्हंजी अतिक्रमन चालू हाय," ते हळूच म्हणाले. मग टोपी उचलली. "कवा जायचं?"

* * *

मॅडमचं क्लिनिक म्हणजे थंडगार एसी, पांढरे सोफे आणि भिंतीवर चकाकत्या गालांचे फोटो. सोफ्यावर आयटीवाल्या दोन मुली बसल्या होत्या. चेहऱ्यावर ग्लो आणायला आल्या होत्या. मध्ये तात्या, धोतर आणि पायात वहाणा. त्यातल्या एकीने सहज विचारलं, "काका, तुम्ही पण टॅन काढायला?"

तात्या म्हणाले, "व्हय. लई जुना हाय, कापूनच काढायला लागतोय!"

मुली हसल्या. तात्यांचा एक हात माझ्या मनगटावर होता. त्यांनी तो इतका घट्ट आवळला होता की माझ्या घड्याळाचा पट्टा कातडीत रुतला होता.

आत मॅडमनी कान बधिर करायच्या आधी निळ्या पेनाने खपलीभोवती रेघ आखली. मग त्याच्याबाहेर, थोडं अंतर सोडून दुसरी. म्हणाल्या, "नुसती खपली नाही, आजूबाजूचा थोडा चांगला भागही घ्यावा लागतो. म्हणजे काही मागे राहत नाही."

आता मोजणीच्या वेळी शेजारच्या जमिनीवाल्यांना बोलवायची रीत असते. ते हजर नसले की पुढे बोंबाबोंब होते. तात्या आडवे पडल्या पडल्या म्हणाले, "म्याडम, शेजाऱ्याची जमीन घेताय. त्येला नोटीस दिली का?"

"शेजारी कोण?"

"मी की!"

नर्स हसून हसून बाहेर गेली. मॅडमनी सुई टोचली. तात्यांनी डोळे मिटले आणि एवढ्या मोठ्या माणसाने पाय पोटाशी घेतले.

* * *

काढलेला तुकडा लॅबला गेला. रिपोर्ट दहा दिवसांनी येणार होता. त्या दहा दिवसांत तात्यांना मी कामावर बोलावलं नाही. काठी पूजाने धरली, कान-मान झाकणारा स्कार्फ बांधून. मी रोज सकाळी फोन उचलायचो आणि ठेवून द्यायचो. विचारणार काय? कान कसा आहे? तुम्हाला भीती वाटते का?

सातव्या दिवशी, रविवारी, तात्यांचाच फोन आला. "सायेब, मशीन घिऊन या. एक वावर मोजायचंय."

"कुणाचं?"

"माजं."

या माणसाने अख्ख्या मुठा खोऱ्याच्या हद्दींवर काठी धरली, पण स्वतःचं वावर कधी मोजून घेतलं नव्हतं. "मला तोंडपाठ हाय," म्हणायचे. आम्ही पोचलो तर वावरात तात्यांची दोन्ही मुलं उभी. थोरला घोटावड्याच्या कंपनीत आहे, धाकटा हिंजवडीला बस चालवतो. दोघांत भांडण असं कधीच नव्हतं. दोघंही खाली बघत होते.

"मदोमद दोन भाग करा," तात्या म्हणाले. "हिरीचं पानी दोगांना येईल आसं."

थोरला म्हणाला, "तात्या, एवडी काय घाई हाय?"

"घाई कसली. आसंच."

पूजा काठी घ्यायला पुढे झाली तर त्यांनी दिली नाही. कानावर पट्टी, त्यावरून टॉवेल गुंडाळलेला, आणि काठी घेऊन निघाले. मॅडमनी उन्हात जायचं नाही म्हणून बजावलं होतं. मी ओरडलो, "तात्या, मॅडम काय म्हणाल्या?" त्यांनी मागे न बघता हात हलवला.

मी दुर्बिणीला डोळा लावला. दुर्बिणीतून माणूस हाताच्या अंतरावर दिसतो आणि त्याला ते कळत नाही. तात्या काठी सरळ धरून उभे होते. टॉवेल, पांढरी पट्टी, घामाने भिजलेली हनुवटी. ओठ हलत होते. कुणाशी बोलत होते कोण जाणे. सोळा वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडून "थोडं डावीकडे" निघेना. पूजाने विचारलं, "सर, रीडिंग?" मी म्हणालो, "घाम गेला डोळ्यात." तीनदा घ्यावं लागलं.

दुपारपर्यंत मधल्या रेषेवर तीन दगड बसले. धाकट्याने ते चुन्याने रंगवले. तात्यांनी प्रत्येक दगडापाशी दोन्ही मुलांना उभं केलं आणि म्हणाले, "बघून ठिवा." काकू भाकरी घेऊन बांधापर्यंत आल्या होत्या, त्या दगड बघून तिथूनच माघारी फिरल्या.

बुधवारी रिपोर्ट आला. मॅडमनी तात्यांना समोर बसवलं. मी आणि पूजा मागे उभे.

"तात्या, कॅन्सर होता," मॅडम म्हणाल्या. पूजाने माझी बाही पकडली. "पण वरच्या वर होता, आणि पूर्ण निघालाय. काढलेल्या तुकड्याच्या सगळ्या कडा मोकळ्या आहेत. आता फक्त ऊन सांभाळायचं. आणि दर तीन महिन्यांनी मला दाखवायचं."

"म्हंजी मी सुटलो?"

"सुटलात."

पूजा ढसाढसा रडली. मी खाली बसलो, चक्क फरशीवर. तात्याच तेवढे उठून उभे राहिले आणि मॅडमना म्हणाले, "तुमच्या प्लाटाची वरची बाजू मोजायची ऱ्हायलीया. तिथं काठी मीच धरनार!"

चांदणी चौकाजवळ पेढे घेतले. गाडीत नुसता गोंधळ. तात्यांनी काकूंना फोन लावला, मुलांना लावला, म्हशीचं दूध काढायला येणाऱ्या माणसालाही लावला. पूजा रडत रडत पेढे खात होती. मला दोन महिन्यांनी भूक लागल्यासारखं वाटत होतं. मुठ्याचं वळण आलं तसे तात्या म्हणाले, "सायेब, वावरापाशी वाईच थांबवा."

मी थांबवली. तात्या उतरले आणि ढेकळांतून सरळ मधल्या दगडाकडे निघाले. मला कळलंच! मी डिकीतून पहार काढली आणि मागे धावलो. पूजाने व्हिडिओ काढायला मोबाइल वर धरला. "काढा तात्या, काढा!" ती ओरडली. "आता कशाला हवेत ते?"

तात्या दगडापाशी उकिडवे बसले. दोन्ही हातांनी दगड धरला आणि गदागदा हलवला. एकदा इकडे, एकदा तिकडे. मग माझ्या हातातल्या पहारीकडे बघितलं.

"सायेब, ह्यो हलतुया. पहार आनलीच हाय तर नीट ठोका."